डाव्या हातात दोन डझन

लेडीज गेटवर तिकिटं फाडणाऱ्या बाईला सिनेमा कधी सलग बघायला मिळत नाही. पन्नगा टॉकीजमध्ये 'ओलेय मुंदे' लागून तीन आठवडे झाले होते आणि कस्तुराबाईनं तो तुकड्या-तुकड्यांनीच पाहिला होता. पडदा सरकवून कुणा बाईला आत घ्यायचं, तेवढ्यात डोळ्यांना मिळेल तेवढं बघायचं. कानडीत ओले म्हणजे चूल. त्यामुळं बेंगळूरच्या पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारवस्तीतल्या, मराठी बायका त्या सिनेमाला 'चुलीपुढं' असंच म्हणत.

सिनेमा पुरता पाहिला नसला तरी बाहेर पडणाऱ्या बायकांची तोंडं तिनं पुरती पाहिली होती. इतर सिनेमे सुटले की बायका बोलत बाहेर येत. कुणाचं लुगडं कसलं होतं, कुणाचा नाच कसा झाला. हा सिनेमा सुटला की गेटातून नुसता चपलांचा आवाज बाहेर यायचा. एखादी बाई जिन्यापाशी थांबून पदर उगाच नीट करत राहायची, घरी जायची घाई नसल्यासारखी.

त्यांच्यात एक जमनाबाई होती. विश्वासराव टेलरची बायको. चिकपेटेत दुकान, आठ मशिनी, शिवाय विश्वासराव तिथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. मंडळाची भजनं, लग्नं, भांडणं सगळी त्यांच्या हातून जात. बुधवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ असे, त्याला जमना तिन्ही आठवडे आली होती. सासूला देवळात जाते म्हणून सांगून येत असावी, कारण हातात फुलाची पुडी असे आणि परत जाताना ती पुडी तशीच असे.

दुसऱ्या बुधवारी तिकीट पुढं करताना तिच्या बांगड्या वर सरकल्या आणि कस्तुराबाईला खूण दिसली. डाव्या मनगटाच्या वर, पुढं टोक आणि मागं रुंद. इस्त्रीच्या पुढच्या टोकाची. कातडी अजून गुलाबी होती.

"अगं, हे काय?" कस्तुराबाईनं विचारलं.

"काही नाही अक्का. काम करताना."

"इस्त्री तू धरतेस होय?"

जमनानं बांगड्या खाली ओढल्या. "मी कुठली धरतेय," एवढंच बोलून ती आत गेली.

कस्तुराबाईनं हे कुणाला सांगितलं नाही. गेटवर बसून तिनं पुष्कळ पाहिलं होतं आणि पुष्कळ पोटात ठेवलं होतं.

तिसऱ्या शनिवारी 'नगरदर्पण' आलं. हे कानडी साप्ताहिक पेटेतल्या दुकानादुकानांतून वाचलं जाई आणि त्यात त्रिविक्रम नावाचा माणूस सिनेमांवर लिही. त्याचं लिहिणं झणझणीत. लोक सिनेमा बघायच्या आधी त्याचं वाचत आणि पुष्कळदा वाचूनच भागवत. मॅनेजर नागोजी तो अंक हातात घेऊन लेडीज गेटवर आला.

"अक्का, वाचा. आपलं तेरावं घातलंय यानं."

कस्तुराबाई अक्षरं शिकली पंचेचाळिसाव्या वर्षी. महिला समाजात दुपारी वर्ग चाले, तिथं सुनांच्या वयाच्या पोरींबरोबर बसून. आधी मराठी, मग कानडी. अजून ती बोट ठेवूनच वाची आणि बोटाखालचा शब्द सुटल्याशिवाय पुढं जात नसे. त्रिविक्रमनं लिहिलं होतं: "या चित्रपटातल्या बायका कुठल्या मुलखातल्या आहेत ते दिग्दर्शकालाच ठाऊक. नवरा तापलेलं उलथनं बायकोच्या हातावर टेकवतो, ती किंचाळते आणि शेजारीण खिडकी लावून घेते. आमच्या बेंगळूरात पलीकडच्या घरात दूध उतू गेलं तरी शेजारी धावत येतात. असं एक तरी घर कुणी दाखवावं. हे बायकांचं जिणं नव्हे, बायकांना रडवून गल्ला भरण्याचा धंदा आहे. सभ्य माणसांनी आपल्या घरच्या बायकांना यापासून लांब ठेवावं."

शेवटच्या ओळीवर तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"झालं वाचून?" नागोजी म्हणाला. "ती शेवटची ओळ आपल्याला मारणार बघा. येत्या दोन बुधवारी खेळ अर्धाच भरला तर मालक सिनेमा काढणार. मद्रासची तलवारबाजीची फिल्म डब्यात तयारच आहे."

"यानं हा सिनेमा बायकांच्यात बसून बघितला होता काय?"

"तो कशाला बायकांच्यात बसेल? बाल्कनीत बसला होता. मध्यंतरात उठून गेला."

"मग त्याला कसं कळणार?"

नागोजी हसला. "तुम्हाला कळतं ना? मग लिहा की पेपराला. एवढी कानडी शिकलाय, ती काय नुसती तिकिटाचे नंबर वाचायला?"

तो चेष्टेत बोलला होता. कस्तुराबाईनं मनावर घेतलं.

तिनं पत्र लिहिलं, दोन दिवस लागले. लिहिताना ती फार जपली. नाव घातलं नाही. गल्ली घातली नाही. नवऱ्याचा धंदा घातला नाही आणि खूण इस्त्रीची आहे हेही नाही, कारण इस्त्री म्हटली की टेलर आला. तिनं लिहिलं: "महाशय, तुम्ही एक घर दाखवा म्हणता. घर मी दाखवणार नाही. पण त्या घरातली बाई दर बुधवारी माझ्यासमोरून जाते. खूण झाकायला तिनं डाव्या हातात दोन डझन हिरव्या बांगड्या भरल्या आहेत आणि उजव्या हातात एकच डझन. सिनेमातली बाई किंचाळते तरी. ही किंचाळत नाही. ती तिसऱ्यांदा तोच सिनेमा बघायला येते, कारण तिच्याबद्दल दुसरीकडं कुणी बोलत नाही. तुम्ही बाल्कनीतून खाली आला असता तर तुम्हालाही दिसली असती."

शेवटच्या वाक्यावर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पत्र तिनं स्वतः जाऊन टाकलं.

पण तिच्या हातून एक चूक झाली आणि ती तिच्यासारखीच्याच हातून व्हावी अशी होती. कस्तुराबाईच्या हातात काचेची बांगडी नसल्याला एकोणीस वर्षं झाली होती. बळेपेटेत कासाराच्या ओट्यावर बसून बांगड्या भरून घेताना आजूबाजूच्या बायका एकमेकींच्या हातांकडं कशा बघतात, कुणी किती भरल्या, कुठला रंग, कुठल्या हातात एक जास्त, हे सगळं त्यांच्या कसं ध्यानात राहतं, ते ती विसरून गेली होती. तिला वाटलं, नाव नाही म्हणजे माणूस नाही.

पुढच्या शनिवारी पत्र छापून आलं. खाली तिचं नाव आणि 'लेडीज गेट, पन्नगा टॉकीज'. नागोजीनं तो अंक काचेच्या चौकटीत लावला.

बुधवारी खेळ हाउसफुल. बायका रांगेत एकमेकींना रेटत होत्या. भाजीवाल्या, गिरणीतल्या, सोवळ्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा. नागोजी वरच्या जिन्यावरून खाली बघत होता आणि त्याला आनंद लपवता येत नव्हता. कस्तुराबाई तिकिटं फाडत होती, पण तिची नजर प्रत्येक डाव्या हाताकडं जात होती.

रांगेत तानूबाई होती, कॉटनपेटेतली, तोंडाची सैल. तिकीट पुढं करत ती म्हणाली, "काय अक्का, लिहायचं तर लिहायचं, पण एवढं उघडं?"

"काय उघडं?"

"पेपरातली बाई म्हणजे विश्वासराव टेलरची जमनाच नव्हे? कल्लाप्पा कासाराकडं मी शेजारीच बसले होते की. तो म्हणाला, अक्का, डाव्यात दोन डझन कुणी भरतं काय? ती म्हणाली, नवस आहे. आम्ही चौघी हसलो."

तिच्या मागची बाई म्हणाली, "मी पण होते. मला पेपर वाचल्याबरोबर कळलं."

"तुम्ही कुणाला सांगितलं काय?"

"आम्ही कशाला सांगू?" तानूबाई म्हणाली. "सगळ्यांना ठाऊकच आहे."

कस्तुराबाईच्या हातातलं तिकीट दोन्हीकडून फाटलं. खेळ सुरू झाला, गेट लावायची वेळ झाली, तरी ती रस्त्याकडं बघत उभी राहिली. जमना आली नाही. मध्यंतर जवळ आलं, जमना आली नाही. आत सिनेमातली बाई किंचाळली आणि दीड-दोनशे बायकांच्या श्वासाचा आवाज पडद्याबाहेर आला.

गुरुवारी दुपारी विश्वासराव स्वतः आले. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, हातात घडी केलेलं 'नगरदर्पण'. लेडीज गेटपाशी पुरुष येत नसत. ते पायरीखालीच थांबले आणि कस्तुराबाई उठू लागली तसे म्हणाले, "बसा, बसा अक्का. तुम्ही वडीलधाऱ्या."

ती उभीच राहिली.

"वाचलं मी. पुरं वाचलं. फार चांगलं लिहिलंय. मंडळाच्या लोकांनाही वाचून दाखवलं. आपल्या समाजातली बाई पेपरात लिहिते म्हणजे काय स्वल्प गोष्ट आहे?"

"विश्वासराव, ते..."

"एक मात्र मला आवडलं." ते हसत होते. आवाज मऊ होता, गिऱ्हाइकाचं माप घेताना असावा तसा. "बांगड्या मोजल्यात तुम्ही. मी नवरा, सहा वर्षं झाली लग्नाला, मी कधी मोजल्या नव्हत्या. परवा मोजल्या."

कस्तुराबाईनं विचारलं, "जमना बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? तुम्हीच बघा. उद्या शुक्रवारी चार वाजता आमच्या घरी कॉफीला यायचं. मंडळाचे चौघं येतील. ते पेपरवाले त्रिविक्रम पण येणार आहेत, मीच चिठ्ठी पाठवली. ते म्हणतात घर दाखवा. आपण दाखवू. दार उघडं टाकून दाखवू. सरी? ठरलं ना?"

"मी नाही आले तर?"

विश्वासरावांनी पेपराची घडी आणखी एकदा दुमडली. "तुम्ही नाही आलात तर लोक म्हणतील, अक्का खरं बोलल्या. मग मला घरात विचारावं लागेल, अक्कांना कुणी सांगितलं म्हणून." त्यांनी हात जोडले. "चार वाजता."

त्या रात्री कस्तुराबाईला झोप लागली नाही. तिनं सगळ्या बाजूंनी विचार केला आणि प्रत्येक बाजूनं जमनाच दिसली. 'ती बाई जमनाच काय' असं विचारलं आणि आपण हो म्हटलं तर विश्वासरावांची चारचौघांत नाचक्की, आणि ती नाचक्की दार लागल्यावर कुणाच्या अंगावर निघणार ते सांगायला नको. नाही म्हटलं तर आपण खोट्या ठरणार, त्रिविक्रम ते छापणार, सिनेमाचं तोंड काळं होणार. होऊ दे, असं तिनं सकाळी तोंड धुताना ठरवलं. सिनेमाला कुणी इस्त्री लावत नाही.

विश्वासरावांच्या घरी पुढच्या खोलीत जाजम टाकलं होतं. मंडळाचे चौघं भिंतीला टेकून बसले होते. त्रिविक्रम खुर्चीवर होता. कस्तुराबाईला वाटलं होतं, कुणी उग्र माणूस असेल. हा चाळिशीचा, हडकुळा, चष्मेवाला निघाला आणि कुठं बघावं हे कळत नसल्यासारखा भिंतीवरच्या देवांकडं बघत होता. तिनं नमस्कार केला तेव्हा तो खुर्चीवरून अर्धा उठला.

आतल्या दाराच्या चौकटीत विश्वासरावांची आई सोयराबाई उभी होती. कस्तुराबाईला बघून तिनं तोंड फिरवलं.

"जमना, कॉफी आण," विश्वासराव म्हणाले.

जमना ताट घेऊन आली. अंगात नवं झंपर होतं, बाह्या थेट मनगटापर्यंत, दोन्हीकडं बटणं. अशा बाह्या त्या पेटेत कुणी बाई घालत नव्हती. शिवण बारीक, सुबक, एकही टाका इकडचा तिकडं नाही. बुधवारी-गुरुवारी मशीनवर बसून ते कुणी शिवलं असेल हे कस्तुराबाईला कुणी सांगायला नको होतं. हातांत बांगड्या होत्या. दोन्ही हातांत सारख्या. तिनं मोजल्या नाहीत, तिला मोजवल्या नाहीत.

जमनानं सगळ्यांसमोर पेले ठेवले आणि ताट छातीशी धरून उभी राहिली.

"त्रिविक्रम सर," विश्वासराव म्हणाले, "ही माझी मंडळी. पेटेत काही लोक म्हणतात, पत्रातली बाई ती हीच. मी काही बोलत नाही. लिहिणाऱ्या अक्का इथं बसल्यात, त्यांनाच विचारा. अक्का, तुमची ती बाई हीच काय?"

खोलीत कुणी पेला उचलला नाही. जमनानं मान वर केली आणि कस्तुराबाईकडं बघितलं. ती नजर कस्तुराबाईला नीट वाचता आली नाही. तिला ती विनवणी वाटली.

"नाही," ती म्हणाली. "ही नव्हे."

"मग कोण?" विश्वासरावांनी लगेच विचारलं.

"कुणी नाही. मी मनचं लिहिलं. सिनेमा काढून टाकतील म्हणून."

मंडळातला एक म्हातारा म्हणाला, "शिव शिव." दुसरा हसला. त्रिविक्रमनं खिशातून वही काढली, मग पेन सापडेना म्हणून सगळे खिसे चाचपले.

आणि तेव्हा कस्तुराबाईचं लक्ष ताटाखाली गेलं. ताटाच्या आड जमनाच्या उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती. बाहीचं बटण सुटलेलं होतं. बाही चार बोटं वर सरकलेली होती. ती दाखवायलाच उभी होती. एका शब्दाची वाट बघत उभी होती, तो शब्द कस्तुराबाईनं तोंडातून काढला नाही.

जमनानं बाही खाली केली. बटण लावलं. लावताना ते दोनदा बोटांतून निसटलं. मग ती रिकामं ताट घेऊन आत गेली आणि सोयराबाईनं आतलं दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज झाला.

"घ्या, कॉफी घ्या," विश्वासराव म्हणाले. "निवतेय."

कस्तुराबाई त्रिविक्रमच्या मागोमाग बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी तिनं त्याला गाठलं.

"साहेब, तीच ती."

तो थांबला. "काय?"

"तीच. हात बाहीच्या आत आहे. ती दाखवणार होती. मी मध्येच नाही म्हणाले."

त्रिविक्रमनं चष्मा काढून पुसला. "बाई, आत पाच माणसांदेखत तुम्ही एक बोललात. इथं दुसरं बोलताय. मी काय छापू?"

"छापू नका. परत चला. आता या घडीला चला माझ्याबरोबर आणि तिला विचारा."

"मी कसा जाऊ?" तो खरंच गोंधळला होता. "ते त्यांचं आतलं घर. मी परका माणूस. उगाच एखाद्याच्या संसारात..." त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "खरं सांगू? तुमचं पत्र वाचून मला चार दिवस बरं वाटत नव्हतं. मघाशी तुम्ही नाही म्हणालात तेव्हा हायसं वाटलं. ते तसंच राहू द्या." आणि तो भरभर चालत गेला, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं.

कस्तुराबाई एकटी राहिली. साडेपाच झाले असावेत. थंडीचे दिवस, ऊन कौलांवर चढून बसलेलं. ती परत वळली. विश्वासरावांच्या दारातून मंडळाचे लोक बाहेर येत होते. ती त्यांच्या बाजूनं आत शिरली नाही. उंबऱ्यावरच बसली, चौकटीला पाठ लावून, पाय बाहेर सोडून.

"अक्का, जाऊ द्या की," मघाचा म्हातारा म्हणाला.

"जा तुम्ही. बाजूनं जागा आहे."

ते एकेक करून अंग चोरून गेले. शेवटच्याच्या पाठोपाठ विश्वासराव दारात आले. "अक्का, काही राहिलं काय?"

"जमना राहिली. तिला माझ्याबरोबर पाठवा."

"कशाला?"

"ते मी तुम्हाला सांगायचं, की गल्लीला सांगू?"

समोरच्या घरात एक बाई तांदूळ निवडत होती. ती निवडायची थांबली होती. विश्वासराव तिच्याकडं बघून हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं वय बघून बोलतोय. उठा."

"हाताला धरून उठवा. लोक बघतायत."

त्यांनी धरलं नाही. आत गेले. आतून बोलणं ऐकू आलं, आधी त्यांचं, मग सोयराबाईचं, मग काहीतरी धातूचं जमिनीवर पडल्याचा आवाज आणि त्यानंतर काहीच नाही. कस्तुराबाई आवाजाकडं कान लावून बसली. "जमना," तिनं एकदा हाक मारली.

गल्लीत सावल्या लांबल्या. कोपऱ्यावरच्या घरात दिवा लागला, मग त्याच्या शेजारी. शुक्रवारची दिवेलागण. बायका उंबरे पुसून पाणी शिंपडत होत्या, दोन बोटं रांगोळी ओढत होत्या. सोयराबाई तांब्या आणि निरांजन घेऊन पुढच्या खोलीत आली आणि थबकली.

"अगं ए, ऊठ तिथनं. दिवा लावायची वेळ झाली."

"लावा की."

"लक्ष्मी यायच्या वेळेला पांढऱ्या कपाळाची बाई उंबऱ्यात बसलीय आणि दिवा लावू होय? तुला कळत नाही?"

"कळतं," कस्तुराबाई म्हणाली. "एकोणीस वर्षं कळतंय. लग्नात मागं उभी राहते, बारशाला मागं उभी राहते, दिवेलागणीला कुणाच्या दारासमोरून जात नाही. आज बसले. सुनेला पाठवा, मी उठते."

सोयराबाईनं मुलाला हाक मारली. तो आला. आईनं त्याला दाराकडं बोट करून दाखवलं. दोघं हळू आवाजात बोलले. विश्वासरावांचं बोलणं नुसतं "नाही, नाही" एवढंच ऐकू येत होतं. सोयराबाईचा आवाज मात्र चढत गेला. तिच्या मोठ्या मुलाच्या आजारात असाच एक शुक्रवार चुकला होता. दिवा लागला नाही आणि मंगळवारपर्यंत मुलगा गेला, असं ती अजून धरून होती. "तू राहिलास एकच," ती म्हणत होती. "तू एकच राहिलास. ती बाई इथं बसून तुला खाईल."

गल्लीतले सगळे दिवे लागले. त्या एका घरात काळोख होता आणि तो काळोख बघायला लोक आपापल्या दारांत येऊन उभे राहिले होते. तांदूळवाली बाई सूप मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

आतल्या कडीचा आवाज झाला. सोयराबाईनं जमनाला दंडाला धरून पुढं आणलं, तसा जमनाचा श्वास आत ओढला गेला. "घेऊन जा हिला," सोयराबाई म्हणाली. "आणि पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस."

कस्तुराबाई उठली. गुडघे आखडले होते, चौकट धरून उठावं लागलं. जमना उंबरा ओलांडून आली. पायांत चपला नव्हत्या. नव्या झंपराची डावी बाही ओली होती आणि कस्तुराबाईनं ती कशानं ओली आहे ते काळोखात बघायचा प्रयत्न केला नाही.

विश्वासराव दारात आले. सगळी गल्ली ऐकेल अशा गोड आवाजात ते म्हणाले, "आठ दिवस राहू दे माहेरपणाला. अक्का आपल्याच आहेत. पुढच्या शुक्रवारी मी न्यायला येईन." आणि मग फक्त जमनाकडं बघून, "दिवा लागायच्या आत."

दोघी चालू लागल्या. जाताना तांदूळवाली बाई उठून उभी राहिली आणि बाजूला झाली, एवढंच. पुढं चिकपेटेचा मोठा रस्ता लागला. मग जमना म्हणाली, "तुम्ही नाही का म्हणालात?"

"तुझ्यासाठी गं. मला वाटलं..."

"मला विचारलंत?"

समोरून आलेल्या टांग्याला वाट द्यायला दोघी कडेला झाल्या.

"पत्र लिहिताना विचारलं नाहीत," जमना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "नाही म्हणतानाही विचारलं नाहीत. दोन रात्री मी ठरवत होते, बटण कधी सोडायचं. त्या चष्मेवाल्यासमोर. चौघांसमोर. तुम्ही हो म्हणाल, मग मी बाही वर करेन. तुम्ही हो म्हणणार याची मला खात्री होती."

"चुकले मी."

"हं."

टांगे जात होते. एका दुकानाच्या फळ्या लावल्या जात होत्या. कस्तुराबाईला मागं कुणीतरी आहे असं वाटलं आणि तिनं वळून पाहिलं. विश्वासरावांच्या दुकानात कापड बेतणारा कटर, हातात काही नाही, दिव्याच्या खांबापाशी उभा होता. त्या चालल्या की तो चालत होता. जमनानं वळून पाहिलं नाही. तिला ठाऊक असावं.

"आता विचारते," कस्तुराबाई म्हणाली. "काय करू?"

"घरी कागद आहे?"

"आहे."

"मी सांगेन ते लिहा. मी सांगेन तेवढंच. तुमच्याकडनं काही घालू नका आणि काही वगळू नका. इस्त्री लिहा. कुठल्या वारी, कुठल्या खोलीत, ते लिहा. खाली माझं नाव लिहा, नवऱ्याच्या नावासकट."

"पेपरला?"

"पेपरला, पोलीस ठाण्याला, मंडळाला. जेवढे कागद असतील तेवढे."

कस्तुराबाईची पावलं मंदावली. "जमना, नाव घातलंस तर तो शुक्रवारची वाट बघणार नाही."

जमनानं ओली बाही दुसऱ्या हातानं धरली आणि चालत राहिली.

"नाव नाही घातलं तरी तो येणारच आहे, अक्का," ती म्हणाली. "चला लवकर."